नारळ उंबऱ्याबाहेर फुटला होता

देवगाव फाट्यावर अण्णाराव मिस्त्रीचं दुकान कुठं आहे, असं विचारायची पाळी कुणावर येत नाही. जिथं रस्त्याच्या कडेला ट्रॉलीची दोन फाळकी आणि अर्धवट जोडलेलं गेट आडवं पडलेलं असेल आणि एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या घालत असेल, तेच दुकान. अण्णाराव पन्नाशीचा गडी. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात ठिणग्यांनी भोकं पडलेला सदरा. आणि स्वतःबद्दलचं मत असं, की जग देवानं केलं ते खरं, पण स्क्रू त्याचे आपणच आवळले. कुणाचा फवारणीचा पंप असो, कुणाची गिरणी असो, अण्णाराव आधी उघडणार आणि मग विचारणार, काय झालंय म्हणून. उघडलेल्यातलं निम्मं नीट होई. उरलेल्या निम्म्याबद्दल तो म्हणे, "कंपनीचा मालच हलका."

त्याची बायको नीलम्मा. तिचं नाव मात्र वेगळ्या कारणानं होतं. नीलम्माचा हात चांगला, असं सगळा फाटा मानत असे. कुणी मोटारसायकल आणो, विहिरीवर मोटार बसवो, सुनेला शिलाई मशीन घेवो, पहिलं कुंकू नीलम्माचं. निरोप आला की ती ठेवणीतलं इरकल नेसून निघायची, तबकात हळद, कुंकू, भस्म, नारळ. बन्सीधर हॉटेलवाला तर शपथेवर सांगायचा, "काकूनं कुंकू लावलेल्या ट्रॅक्टरचं टायर बी पंक्चर होत न्हाई." व्हायचं की. दोनदा झालं होतं आणि जॅक अण्णारावनंच लावला होता. पण असली पंक्चरं कुणी धरत नाही. नीलम्माला ना माहेरचा जोर होता, ना सासरची जमीन. लग्नकार्यात ती मागच्या रांगेत बसायची. पण दारात नवी वस्तू उभी राहिली की सगळं घर तिच्यासाठी थांबायचं, आणि त्या घटकेला तिची मान अशी ताठ असायची की बघणाऱ्याला वाटावं, ही गाडी हिच्याच पैशाची.

श्रावणात अण्णारावनं परभणीहून नवं वेल्डिंग मशीन आणलं. जुनं मशीन म्हणजे तेल भरलेलं लोखंडी धूड, दोघांनी उचलायचं आणि तिसऱ्यानं कमरेला बाम लावायचा. नवं एका हातात मावायचं. लाल रंग, खांद्याला अडकवायचा पट्टा, पुढं हिरवा दिवा, पिवळा दिवा. वर वर्षाची वॉरंटी. अण्णारावनं ते फाट्यावरून मुद्दाम लांबच्या अंगानं, रस्त्यापलीकडच्या बन्सीधरच्या हॉटेलसमोरून नेलं.

सोमवार बघून नीलम्मानं पूजा केली. मशीनच्या कपाळाला, म्हणजे दिव्यांच्या वरच्या बाजूला, भस्माचे तीन पट्टे ओढले, मधे कुंकू टेकवलं. नारळ फोडायला मात्र ती उंबऱ्याच्या बाहेर गेली. तिथं एक चपटा दगड आहे, त्याच्यावर फोडला. सगळं पाणी रस्त्याच्या मातीत गेलं. हे अण्णारावनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. "आत फोडलं आन् थेंब उडाला मंजे?" असं ती म्हणाली तेही त्यानं कानांनी ऐकलं. हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं, कारण पुढं अण्णाराव विसरणार आहे.

मशीन चालू केलं. पहिला रॉड असा सरळ गेला की अण्णाराव स्वतःशीच हसला. दुसरा, तिसरा, आणि मग पिवळा दिवा लागला. रॉड लोखंडाला चिकटून बसला. थोडा वेळ थांबून पुन्हा चालू केलं, पुन्हा थोडं चाललं, पुन्हा पिवळा दिवा.

मग काय, फाट्याला काम मिळालं. बन्सीधर म्हणाला रॉड ओले असतील, म्हणून रॉड पत्र्यावर उन्हात वाळवले. जीपवाला भागवत म्हणाला अर्थिंग बसत नाही, म्हणून अर्थिंगच्या चिमट्याखालचं लोखंड घासून चांदीसारखं केलं. कुणी म्हणालं व्होल्टेज कमी, तेव्हा मशीन गिरणीत नेऊन तिथल्या दणदणीत लाइनीवर लावलं. गिरणीतही पिवळा दिवा. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. असलं मशीन चालताना त्याच्या मागून वारा बाहेर यायला हवा. अण्णारावच्या जुन्या धुडाला पंखाच नव्हता. मागं हात धरून बघावं हे त्याला सुचणार कुठून?

"आवं," नीलम्मा आतून म्हणाली, "नवंकोरं हाय. पावती घ्या आन् जसं हाय तसं परभणीला नेऊन द्या. उघडू नका."

गोष्ट एवढ्यावरच थांबली असती तर अण्णारावनं ऐकलंही असतं. पण तेवढ्यात बन्सीधर बोलला, "खरंय काकू. मिस्त्रीला हे मॉडेल झेपायचं न्हाई. जुन्या वस्तूंचा मिस्त्री हाय त्यो."

झालं. अण्णारावनं पेचकस उचलला.

मागच्या बाजूला एका स्क्रूवर कागदाचं गोल सील चिकटवलेलं होतं. तो क्षणभर थांबला, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मग बन्सीधरकडे बघत त्यानं पेचकसाचं टोक सीलमधून आत घातलं. आत हिरवी पाटी, चकाकत्या तारा, मागं एक छोटा पंखा, आणि पंख्याजवळ लोंबकळणारा एक पांढरा प्लग. प्लग त्यानं बोटानं हलवून पाहिला. "जास्तीचा दिसतोय," असं म्हणून बाजूला सारला, फडकं मारलं आणि झाकण लावलं. पिवळा दिवा लागलाच. "कंपनीचा मालच हलका," अण्णाराव म्हणाला, पण या वेळी आवाज जरा खाली होता.

दुसऱ्या दिवशी भागवतच्या जीपमधून मशीन परभणीला गेलं. भागवतही सोबत दुकानात आला, कारण तिथं चहा मिळतो हे त्याला माहीत होतं. दुकानाचा मेकॅनिक तरुण पोरगा. त्यानं मशीन उलटं केलं, सीलच्या जागेवर अंगठा फिरवला.

"काका, हे कुणी उघडलं?"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. शेठ गल्ल्यावरून बघत होता. आणि बाजूला भागवत बशीतून चहा ओढत होता, जो संध्याकाळी फाट्यावर सगळं सांगणार होता. मी मिस्त्री आहे, मीच उघडलं आणि मला कळलं नाही, असं म्हणणं एवढंच काम होतं. अण्णारावच्या तोंडून निघालं ते असं:

"त्याचं काय झालं, आमच्या घरच्या बाईनं पूजा केली. नारळ फोडला मशीनवरच. पाणी गेलं आत. मंग पुसायला उघडावं लागलं."

शेठ आधी हसला. मग गिऱ्हाइकं हसली. भागवतला ठसका लागला.

मेकॅनिक हसला नाही. "काका, वॉरंटीत उघडलेलं बी बसत न्हाई आन् पाणी गेलेलं बी बसत न्हाई. खर्च तुम्हालाच पडंल. ठेवा, बघतो."

म्हणजे खोटं बोलून मिळालं काय? काहीच नाही. भागवत जीप भरायला स्टँडकडे गेला. अण्णाराव बाकावर बसून राहिला. मेकॅनिकनं झाकण काढलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि म्हणाला, "पाणी कुठाय? थेंब न्हाई. पंख्याचा प्लग निघालाय बगा. कंपनीतूनच ढिला आला आसंल. पंखा फिरंना, मशीन तापायचं, दिवा लागायचा." तो जास्तीचा प्लग त्यानं खट्कन जागेवर बसवला. पण तोवर बिनपंख्याचं तापून आतला एक भाग जळून गेला होता, तो बदलावा लागला. मशीन चालू करून त्यानं अण्णारावचा हात धरून मागं नेला. गार वारा लागला.

"न उघडता आणलं असतं तर बॉक्स फोडून दुसरं दिलं असतं, काका."

अण्णाराव तो वारा हातावर बराच वेळ घेत राहिला.

परतीच्या जीपमध्ये भागवतनं तोंड उघडलं होतं. नारळ आता मशीनवर फुटत नव्हता, मशीनच्या आत फुटत होता. "काकूनं वरून कापूर बी लावला," भागवत म्हणाला, "मशीन म्हणालं, बाई, मी देव न्हाई, मला सोड." जीप हसून हलत होती. कुणीतरी वळून विचारलं, "खरं का मिस्त्री?" तेव्हा अण्णाराव बोलू शकला असता. पांढऱ्या प्लगची गोष्ट सांगायला फार शब्द लागत नव्हते. पण एवढी माणसं हसत होती, आणि ती त्याच्यावर हसत नव्हती. तोही हसला.

ते हसणं अण्णारावला पुढं सगळ्यात जास्त खात राहिलं. खोटं तर घाईत निघून गेलं होतं. हसला मात्र तो सावकाश.

फाट्यावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. बन्सीधरकडे चहा पातळ झाला की "काकूनं नारळ फोडला काय ह्याच्यात?" मोटारसायकल सुरू होईना की "नीलम्माला दाखवली व्हय?" सगळं गमतीत. आणि गमतीत म्हटलेलं कुणाला परत करता येत नाही. नीलम्मानं अण्णारावला एकदाच विचारलं, पोळी लाटता लाटता, त्याच्याकडे न बघता.

"मी नारळ कुठं फोडला व्हता?"

"बाहेर," अण्णाराव म्हणाला. "दगडावर."

"मला वाटलं माझंच ध्यान चुकलं." तिनं पोळी तव्यावर टाकली. त्यावर भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही.

गणपतीच्या आधी शेजारच्या कस्तुराबाईच्या घरी नवा ट्रॅक्टर आला. सकाळीच हॉर्न वाजला. नीलम्मानं इरकल काढून बाजेवर ठेवलं, तबक घासलं, भस्माची डबी उघडून पाहिली. निरोप आला नाही. दुपारी भिंतीपलीकडून नारळ फुटल्याचा आवाज आला. कस्तुराबाईची थोरली जाऊ पाथरीहून मुद्दाम बोलावली होती म्हणे. संध्याकाळी कस्तुराबाई पेढे घेऊन आली, अवघडून म्हणाली, "माय, मनात काय आणू नको. घरातले गडी ऐकंनात. एवढी मोठी वस्तू, म्हणले..." आणि पेढ्यांचा पुडा पुढं केला.

"बरंच केलं," नीलम्मा म्हणाली आणि पेढा देवापुढं ठेवला. इरकल तिनं घडी मोडून पुन्हा घातली, जास्त नीट.

अण्णाराव उठला आणि तडक बन्सीधरच्या हॉटेलात गेला. भागवत होता, कस्तुराबाईचा दीर होता, फाट्याचे नेहमीचे सगळे होते. त्यानं उभं राहूनच सांगितलं, "आयका. नारळ बाहेर फुटला व्हता. पाणी गेलंच न्हाई. कंपनीतून प्लग ढिला व्हता आन् सील मी फोडलं. परभणीत मी खोटं बोललो."

भागवतनं डोळा घातला. "काकूनं जेवण बंद केलं जणू?"

"घरनं पाठ करून पाठवलंय मिस्त्रीला," बन्सीधर म्हणाला. "बस, अण्णा, च्या पी. समदं समजतंय आमाला. आमी बी बायकावालेच हाव."

सगळे हसले. अण्णाराव आवाज चढवून पुन्हा सांगू लागला तसे जास्तच हसले. जन्मभर ह्याच माणसांसमोर "कंपनीचा मालच हलका" म्हणून त्यानं आपली चूक लपवली होती आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. आज कंपनीचा माल खरंच हलका निघाला, चूक खरंच त्याची होती, आणि दोन्हीतलं एकही कुणी मानेना. चहा त्यानं घेतला नाही.

खंडेनवमीला त्यानं दुकान धुतलं. हातोडी, छिन्नी, ग्राइंडर, काळ्या काचेची ढाल, सगळं पोत्यावर ओळीनं मांडलं, मधे लाल मशीन. दरवर्षी नीलम्मा एकेका हत्याराला भस्म लावत यायची आणि छिन्नीला लावताना म्हणायची, "तू जरा ह्यांचं बोट सांभाळ." या वर्षी तबक भरून तिनं दाराशी आणून ठेवलं आणि ती मागं सरली.

"ये की," अण्णाराव म्हणाला. "खोळंबलीत समदी."

"माझ्या हातानं नगं. उद्या परत पिवळा दिवा लागला तर माझंच नाव येईल." राग नव्हता आवाजात. व्यवहार होता.

त्यानंच तीन बोटं भस्मात बुडवली. पट्टे वाकडे उठले. मशीन चालू केलं, हिरवा दिवा, मागून गार वारा. मग तो नारळ घेऊन उंबऱ्याबाहेर गेला. समोरून बन्सीधर ओरडला, "मिस्त्री, मशीनवर फोडा, मशीनवर!" आणि हॉटेलातले सगळे बघायला उभे राहिले. अण्णारावनं त्या चपट्या दगडावर, सगळ्यांना दिसेल असा, हात उंच करून नारळ फोडला. पाणी मातीत गेलं.

दोन्ही शकलं घेऊन तो आत आला. नीलम्मानं ती हातात घेतली.

"पाणी कुठं सांडलं?"

"बाहेर. दगडावर."

"बघितलं का कुणी?"

"समद्यांनी बघितलं."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि खोबरं खवायला आत गेली.