जबाब बाकी होता

आमच्या गावचे जाखडीचे शाहीर वारले, तेव्हा इथे बहारीनमध्ये, सनाबिसमधल्या एका फ्लॅटवर आम्ही गाववाल्यांनी शोकसभा घेतली. त्यांच्या गाण्यांनी माझं बालपण घडवलं, असं मी कागदावरून वाचून दाखवलं. माझ्या मुलांनी त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नाही, हे काही वाचलं नाही. मग जन्मभर जाखडीच्या सामन्यांत समोरच्या पार्टीला गाण्यातून टोले हाणणाऱ्या या माणसासाठी आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहिलो.

मीना सलमान बंदरातल्या कामावरून थेट आलेल्या एका अनोळखी ड्रायव्हरने तेव्हाही टोपी काढली नाही. उलट फोटोसमोर जाऊन, कमरेवर हात ठेवून त्याने शाहिरांची खिल्ली उडवणारं गाणं म्हटलं.

"अहो, माणूस गेलाय," मी म्हणालो.

"मी समोरच्या पार्टीतला. शेवटच्या बारीत ह्यानं आमच्या शाहीरबुवाला गाढव केलंन, त्याचा जबाब बाकी होता. आता तुमची पाळी. ह्याचंच एखादं म्हणा."

बालपण घडलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मला एक चाल आठवली, शब्द काही आठवेनात.

तो बराच वेळ थांबला. मग त्याने टोपी काढली.

"खलास," तो फोटोला म्हणाला. "आता खरा गेलास."