आधी तारीख

वर्तमानपत्र उघडलं की मास्तर उजवं बोट वर करायचे आणि म्हणायचे, “आधी तारीख.” तारीख वाचून झाल्याशिवाय कुठल्या पुढाऱ्याची अटकसुद्धा त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. जव्हारला हे निवृत्त मास्तर आमचे शेजारी. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरात मुंबईचं एकच दैनिक टपालाने येई. जव्हार तेव्हा संस्थान होतं, तिथे सभा-मिरवणुका नव्हत्या. देशाचं राजकारण म्हणजे दुपारी चारला मास्तरांच्या ओटीवर वाचलं जाई तेवढंच. ऐकायला माझे वडील, बाजाराला आलेले दाभोशाचे एक शेतकरी, आणि दाराआड मास्तरीणकाकू.

त्या वाचनाने घरातलाच मुलगा पेटला. तो खाली खालसा, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात उतरला, सत्याग्रहात बसला आणि तुरुंगात गेला. काकू म्हणायच्या, “पेपर यांनी वाचला, शिक्षा पोराला.”

त्या वर्षी पावसाने घाट बंद पडला आणि टपाल अडलं. मुलगा तुरुंगात तापाने आजारी असल्याचं कळलं होतं, पुढे काहीच नाही. मग एकदम दहा अंकांचं भेंडोळं आलं. कोण सुटलं, कोण दगावलं, याच्या याद्या त्या दैनिकात येत. मास्तरांनी अंक तारखेने लावले, वरचा उघडला आणि बाकीच्यांवर वरवंटा ठेवला. रोज एकच.

“मास्तर, खालचा काढा की,” दाभोशाचे शेतकरी म्हणाले. “पोऱ्याचं काय झालं ते तरी कळंल.”

“संपादक तुरुंगात गेला तरी रोजचा अंक निघतो. आणि आपण मधले टाकायचे?”

वडिलांनी हात पुढे केला, तसा मास्तरांनी वरवंट्यावर तळहात ठेवला. काकू आत निघून गेल्या. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, खालच्या अंकांची त्यांना भीती वाटत होती.

सहाव्या दिवशी अग्रलेख चालू असताना मुलगा पायरीशी येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, ओळखू येईना इतका वाळलेला. काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मास्तर चष्म्यावरून बघत राहिले.

“बस,” ते म्हणाले. “अजून सुटायचा आहेस तू. चार अंक बाकी आहेत.”

आणि त्यांनी अग्रलेख पुढे सुरू केला. पण तीच ओळ ते पुन्हा पुन्हा वाचत होते. हसू कुणालाच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा शेजारी बसला, आणि मास्तर तारीख वाचायला विसरले.

पुढे मास्तर गेले तेही पावसाळ्यातच. त्यांच्यामागून आलेले अंक वेष्टनातच राहिले. मुलानेही ते उघडले नाहीत.

बाळांनो, तुमची पत्रं कधीकधी तीन-चार एकदम येऊन पडतात. डोळे थकलेत, तरी तारखेने लावते आणि रोज एकच वाचते. खालचं पाकीट फार पातळ दिसलं की काही वाईट तर नाही ना म्हणून हात आधी तिकडे जातो. मग उठते आणि वरवंटा आणून ठेवते.