खारं आणि पाणी

ताई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी एकटीच खाडीवर जाऊ लागले. मला पक्ष्यांतलं फारसं कळत नाही. माझं आयुष्य पेणच्या वाचनालयात गेलं. ताई रोह्याच्या शाळेत शिकवायची आणि रविवारी एसटीनं खाडीकाठच्या एका गावी जाऊन दुर्बीण घेऊन बांधावर बसायची. आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. संध्याकाळी ती चिखलाचे पाय घेऊन परतली की मी चहा टाकायची, आणि आठवड्याचं बोलणं तेव्हा व्हायचं. आता तिच्या जागी जाऊन बसलं की निदान रविवार सरतो.

ती जागा म्हणजे एकेकाळची भातशेती. बांधाला खांड पडली, भरती आत शिरली, आणि खांड कोणी बुजवलीच नाही. शेती गेली, खारफुटी वाढली, थंडीत लांबून पक्षी उतरू लागले. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या तेवढा मला ओळखता येतो. अशा पाणथळ जागा राखायला केंद्र सरकारकडून पैसे येतात. आपली जागा त्यात धरली जावी म्हणून ताईनं बरेच अर्ज केले होते. पाहणी झाल्याचं तिला कळलं होतं. निकाल कळायला ती राहिली नाही.

तो मला पेणला अधिकाऱ्यांनी गावकऱ्यांसाठी घेतलेल्या बैठकीत कळला. जागा पाणथळ नाही, पडीक आहे, असं ठरलं होतं. पडीक म्हणून तिथं सौर विजेचा प्रकल्प येणार होता, आणि त्यालाही पैसा दिल्लीचाच. प्रकल्पाबरोबर गावाला नळ मिळेल, असंही कबूल झालं होतं. ताई असती तर तिची पंचाईत झाली असती. आमच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला तिनंच माझ्याशी वाद घातला होता.

मी उभी राहिले आणि विचारलं, भरतीला तिथं कमरेएवढं पाणी असतं, मग ती जागा पाणथळ कशी नाही? पाहणी केलेले अधिकारी तरुण होते, बोलायला सौम्य. पाहणीच्या दिवशी बांध निसरडा होता, पुढं जाता आलं नाही, म्हणून गावात विचारलं, असं त्यांनी सांगितलं. "मॅडम, गावातल्यांनीच सांगितलं की तिथं पाणी नसतं."

मागे हशा पिकला. त्या गावची एक वयस्क बाई उठली. ताईला ती 'पाखरांची बाई' म्हणायची.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "सायेब इचारतो, हितं पानी असतं का. म्हटलं, नाय रे बाबा, पानी कुठलं? टँकर आला तर पानी. खाडीचं ते खारं. खाऱ्याला पानी कोन म्हनंल?"

मलाही हसू आलं. खाडीकाठच्या गावांत पाणी म्हणजे पिण्याचं, बाकीचं सगळं खारं. एवढ्या एका शब्दावर ताईचे अर्ज वाहून गेले होते. हसता हसता मी बाजूच्या खुर्चीकडे वळले. तिथं एक अनोळखी गृहस्थ मोबाइल पाहत होते. हे घरी जाऊन सांगायला कोणी नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "मग तिथं बारा महिने खारं पाणी असतं, असं लिहू?"

बाई हसायची थांबली होती. प्रकल्प गेला तर नळही जाईल, हे तिच्याही ध्यानात आलं असावं. ती खाली बसली.

"लिहा," मी म्हणाले.

पुन्हा पाहणी होईल, असं ठरलं. तोवर प्रकल्प थांबेल. पाणथळ जागांचा या वर्षीचा पैसा मात्र दुसरीकडे गेला होता. पुढच्या वर्षी दिल्लीनं योजना चालू ठेवली, तर बघता येईल.

बैठक संपल्यावर मी त्या बाईबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. स्टँड दिसू लागला. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पाखरांचं खारं लिवून घेतलंस. आमचं पानी कोन लिवनार, गो?"

मी लिहीन, नळासाठी अर्ज करीन, असं म्हणाले. माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"तुझी भयीन पन लिवायची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. गाडी लागली तशी ती चढली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

अर्ज मी पाठवला आहे. प्रकल्प दुसरीकडे गेला तर नळ कोण देणार, याचं उत्तर अजून कोणाकडून आलेलं नाही. शेकाटे अजून आहेत. उद्या रविवार. बांधावर जायची वाट त्या बाईच्या दारावरूनच जाते, आणि दुसरी वाट नाही.