खालच्या फळीवरचा तवा

त्या परदेशी पिझ्झा कंपनीने इटलीतली आपली दुकानं बंद केली, ही बातमी बाबांनी मला पुन्हापुन्हा मोठ्याने वाचायला लावली होती. मी पवईच्या ऑफिसातून विक्रोळीला घरी येऊन पाय धुते न धुते तोच फोन पुढे यायचा. "वाच गो परत." मी वाचायची. इटलीतल्या लोकांना आपला पिझ्झा सोडून बाहेरच्यांचा खायचा नव्हता, एवढंच त्या बातमीचं सार. पण बाबांचा चेहरा असा उजळायचा की जणू रोमच्या एखाद्या गल्लीत उभं राहून त्यांनी स्वतःच कंपनीला हाकललं होतं. खुशीत आले की ते मालवणीत शिरतात. "थंय पळाले, हंय पण पळतले," असं म्हणून ते समाधानाने जेवायला बसायचे.

हंय म्हणजे घाटकोपर पूर्व. तिथल्या खाऊगल्लीत बाबांचा एक गाळा होता. विक्रोळीतल्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी तो भाड्याने घेतला आणि पिझ्झा सुरू केला. आपला पिझ्झा. बेकरीतून आणलेला बेस, तव्यावर भरपूर लोणी, गोडसर तिखट सॉस, बारीक कांदा, ढोबळी मिरची, आणि वर इतकं किसलेलं चीज की खाली काय आहे ते दिसू नये. असला पिझ्झा जगात दुसरीकडे कुठे मिळत नसेल आणि मिळायला हवा असंही नाही, पण घाटकोपरला तो आवडायचा. जैन लोकांसाठी कांदा-लसणाशिवायचा वेगळा व्हायचा, त्याला वेगळा तवा, वेगळी किसणी, वेगळा झारा. आमच्याकडे कामाच्या दिवशी मासे शिजायचे नाहीत. बाबांनी घालून घेतलेला नियम होता तो. हाताला वास राहतो, लोक श्रद्धेने येतात, असं ते म्हणायचे. मालवणच्या माणसाने बांगड्याकडे आठवड्यातले सहा दिवस पाठ फिरवायची ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिचं कौतुक आम्ही कुणी कधी केलं नाही.

मग गल्लीच्या तोंडाशी ती कंपनी आली. काचेचा दरवाजा, आत गारवा, बाहेर डिलिव्हरीच्या स्कूटर एका रांगेत. बाबांचं गिऱ्हाईक लगेच कमी झालं असं नाही. थोडं थोडं झालं. आधी कॉलेजची मुलं गेली, मग वाढदिवसवाले. बाबांनी तो पिझ्झा चाखूनसुद्धा पाहिला नाही. त्याऐवजी त्यांना व्हिडिओंचं वेड लागलं. ही कंपनी कुठल्या देशात काय विकते, लोक काय म्हणतात, कुठे गर्दी आहे, कुठे ओस पडली आहे. कोरियात म्हणे पिझ्झ्यावर रताळं घालतात. जपानात मका, मेयोनीज, कोळंबी. आई म्हणायची, "अहो, दुकान घाटकोपरला आहे ना? मग जपानात काय शोधताय?" मीही वैतागायची. माणसाने आपलं दुकान वाचवायचं सोडून दुसऱ्याचं कुठे बुडतंय ते बघत बसायचं, हे मला घाबरल्याचं लक्षण वाटायचं. ते घाबरलेच होते. दुकान गेलं तर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पण त्यांनी त्यातून एक गोष्ट बरोबर हेरली होती. "जिथे कंपनीने तिथल्या लोकांचं खाणं वर घातलं तिथे ती टिकली," ते म्हणाले. "इटलीत काय घालणार? ते तर त्यांचंच. म्हणून पळाले." मी विचारलं, "आणि इथे?" इथे कंपनी पनीर घालत होती, मखनी सॉस घालत होती, आणि गल्लीतल्या दुकानावर तर दारातच पाटी होती, पूर्ण शाकाहारी, जैन पिझ्झा मिळेल. बाबांनी फोन खिशात घातला.

त्या जपानी कोळंबीनेच घात केला. एका शनिवारी त्यांच्या डोक्यात आलं की उद्या घरी करून बघू. रविवारी सकाळीच विक्रोळीच्या बाजारातून कोळंबी आणली, आईने मालवणी मसाल्यात परतली, थोडं खोबरंसुद्धा घातलं. घरचा तवा लहान, त्यावर बेस मावेना, म्हणून बाबांनी दुकानाच्या खालच्या फळीवर पडून असलेला जादाचा मोठा तवा आदल्या संध्याकाळीच घरी आणून ठेवला होता. पिझ्झा झाला. आणि काय झाला होता! मी आजवर अशी गोष्ट खाल्लेली नाही. आई बोटं चाटत म्हणाली, "ह्या जपान्यांना अक्कल आहे हो." आम्ही तिघं खूप हसलो. बाबांनी तवा दोनदा घासला, चिंच लावून घासला, आणि सोमवारी परत नेऊन खालच्या फळीवर ठेवला.

त्या शनिवारी मला सुट्टी होती म्हणून मी दुकानात चीज किसायला बसले होते. समोरच्या इमारतीतल्या एक गुजराती जैन काकू दर शनिवारी नातवंडांना घेऊन यायच्या. दुकानाच्या पहिल्या महिन्यापासूनचं गिऱ्हाईक. बाबा त्यांना बेन म्हणायचे, त्या बाबांना भाई. मुलं खात होती आणि बाबा मजेत होते.

"बेन, रविवारी घरी काय बनवलं सांगू? कोळंबीचा पिझ्झा! जपानमें वो कंपनीवाले बनाते हैं ना, वैसाच."

त्या हसल्या. "घर पे ना, भाई?"

"हो हो, घरीच. फक्त तवा इथला नेला होता. घरचा छोटा पडतो."

मी किसणी थांबवली. मला त्याच क्षणी कळलं आणि बाबांना कळलं नाही. ते अजून हसतच होते. बेनचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण नजर ओट्याखाली गेली.

"कौनसा तवा?"

"तो खालचा. घासून ठेवलाय, एकदम स्वच्छ."

त्या मुलांना हळूच म्हणाल्या, "चलो बेटा, बस हुआ." मुलांनी ताटल्या अर्ध्या सोडल्या. जाताना त्यांनी बाबांना हात जोडले. भांडण नाही, आवाज नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही तोंड उघडता आलं असतं.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्या इमारतीतलं कुणीच आलं नाही. बाबांनी मग जे केलं ते आठवलं की मला अजून डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. त्यांनी सगळे तवे मोडीत काढले, नवे आणले. झारे, किसण्या, डबे, सगळं नवं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "सगळं नवीन आहे हां, अगदी कालच आणलंय." लोक विचारायचे, का? बाबा खरं सांगायचे. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही. ज्यांच्या कानावर ती गोष्ट गेली नव्हती, त्यांच्याही कानावर त्यांनी स्वतःच्या तोंडाने घातली. मी म्हटलं, "बाबा, गप्प बसा ना जरा!" ते म्हणाले, "लपवायला मी काय पाप केलंय?" नव्हतंच केलं. म्हणूनच त्यांची वाट लागली.

मी बेनकडे गेले. न सांगता गेले. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं, आईची चौकशी केली. म्हणाल्या, "तेरे पापा बहुत अच्छे आदमी हैं. पर मन नहीं मानता, बेटा." मला त्यांचा राग यायला हवा होता, तो नीट येईना. मग मी शेवटी विचारलंच, "काकू, कोपऱ्यावरची ती कंपनी जपानमध्ये कोळंबी विकते. दुसऱ्या देशांत आणखी काय काय विकते. तीच पाटी, तेच नाव. तिथे तुम्ही जाता ना?"

त्या जरा गोंधळल्या. मग अगदी सरळपणे म्हणाल्या, "वो तो जपान में ना, बेटा."

  जगभर पसरलेल्या कंपनीचे जपानातले तवे घाटकोपरपासून पुरेसे लांब असतात. माझ्या बापाचा एकच गाळा होता आणि विक्रोळी फार जवळ होती.

दुकान त्यानंतर काही महिने चाललं, म्हणजे उघडं राहिलं. करार संपला तेव्हा बाबांनी तो पुढे वाढवला नाही. किल्ली देऊन आले आणि दुपारचे झोपले, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. व्हिडिओ बघणं थांबलं. मी एकदा मुद्दाम सांगितलं की आणखी एका देशात कंपनीची दुकानं बंद होतायत असं ऐकलंय. "हं," म्हणाले. आई त्यांना उगाच कोथिंबीर आणायला पाठवायची, मग लिंबं आणायला, मग कोथिंबिरीची जुडी बदलून आणायला. ते निमूट जायचे. मला ते बघवत नसे आणि मी ऑफिसात उशिरापर्यंत बसू लागले.

गेल्या महिन्यात आईचा चष्मा आणायला मी आणि बाबा घाटकोपरला गेलो होतो. परतताना बाबा त्या काचेच्या दरवाजापाशी थांबले. "आत जाऊया," म्हणाले. मला वाटलं, एकदा चव बघायची असेल. बरंच झालं, म्हटलं, निदान शिव्या तरी घालतील. दुपारची वेळ, आत फारसं कुणी नव्हतं. मी मेन्यू बघत होते आणि बाबा सरळ काउंटरवर गेले. तिथली मॅनेजर मराठीच होती, तिशीची असेल.

"बाळा," बाबा म्हणाले, "तुमच्याकडे माणूस लागतो का?"

तिला वाटलं मुलासाठी विचारतायत. "कोणासाठी, काका?"

"माझ्यासाठी. पिझ्झाचंच काम केलंय मी. सॉस, बेस, सगळं येतं. जैनचं वेगळं सांभाळायची सवय आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मी मासे खात नाही आता. अजिबात. घरीपण नाही."

मी पुढे झाले. त्यांचा हात धरून बाहेर ओढून न्यावं असं वाटलं, आणि त्या बिचाऱ्या मुलीचा काही दोष नसताना तिच्यावर ओरडावं असंही वाटलं. तिने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, सध्या जागा नाहीये. पण नंबर देऊन ठेवा ना," असं म्हणून तिने तो एका बिलाच्या मागे लिहून घेतला. बाबांनी एकेक आकडा सावकाश सांगितला आणि तिच्याकडून परत वाचून घेतला.

बाहेर आल्यावर त्यांची चाल बदलली होती. कित्येक महिन्यांनी ते माझ्या पुढे चालत होते. स्कूटरच्या रांगेपाशी वळून म्हणाले, "बघलंस? नाय म्हणूक नाय ती."

तिने खरंच नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो बाबा." तेव्हापासून ते आंघोळीला जाताना फोन आईच्या हातात देतात आणि वाजला तर लगेच उचल म्हणून सांगतात.