अर्धा कोयता

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नवरा-बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. तिथंच माझी तान्ही पोरगी हगवणीनं गेली. सासू म्हणाली होती, घरी ठेव. पण अंगावर पिणारं लेकरू घरी ठेवायचं कसं? माती देऊन आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "तू नेलीस तिला तिथं." त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं.

मारहाण नाही, शिवी नाही. ताट पुढं केलं की जेवायचा, तहान लागली की स्वतः उठून पाणी घ्यायचा. वाटलं, दुःख आहे, निवळेल. पण पुढं पाऊस झाला, ज्वारी निघाली, तरी ह्याचं तोंड बंद ते बंदच. मार खाणाऱ्या बाईसाठी चार माणसं हळहळतात तरी. मला म्हणायचे, "इतका गरीब नवरा मिळालाय, अजून काय पायजे बाई तुला?" काय पायजे! घरात भिंतींशी बोलून बोलून मला वेड लागायची पाळी आली होती. शेवटी उठले आणि माहेरी निघून आले.

आमच्याकडं असं काही झालं की भावकी बसते. माझ्यासाठी भावकीच्या आधी मुकादम धावत आला. आम्ही दसरा झाला की त्याच्या टोळीत ढोकीकडं ऊस तोडायला जायचो. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कुणी विचारत नाही. मी परत गेले नसते तर मुकादमाचा एक कोयता मोडत होता, म्हणून त्याला माझा एवढा कळवळा. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी म्हटलं, येऊ दे बाबा, कुणाच्या का निमित्तानं होईना, नवऱ्याला कुणीतरी बोलतं करू दे.

बैठक माझ्या बापाच्या ओसरीवर बसली. मी आत चुलीपाशी. बाईला बैठकीत कुठं बसवतात? मुकादम दाराकडं तोंड करून लई गोड बोलला, "अक्का, एका फडात राबलात की आपोआप बोलाचाली सुरू होती. माझी जिम्मेदारी!" नवरा मान खाली घालून बसलेला. पोरीचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. चहा झाला आणि बापानं मला नवऱ्याच्या बैलगाडीत बसवून दिलं.

फडात तर आमचं काम असं लागलं की विचारू नका. बोलायची गरजच पडत नव्हती. तो सपासप तोडत पुढं जायचा, मी मागनं मोळी बांधायची. मोळी डोक्यावर घ्यायला बाकीच्या बाया नवऱ्यांना हाका मारायच्या. मी नुसती वाकले की हा येऊन उभा. मोळी चढवायची आणि वळायचं. आमची गाडी सगळ्यांच्या आधी भरायची. मुकादम टोळीला दाखवायचा, "बघा, कशी जोडी लावून दिली म्या!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका दुपारी शेजारच्या पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईचं लेकरू फडातल्या झोळीत रडायला लागलं. त्याची आई मोळी घेऊन लांब गेलेली. माझ्या नवऱ्यानं कोयता टाकला, जाऊन झोळी हलवत बसला, तोंडानं त्याला काहीबाही समजावत. किती दिवसांनी त्याचा आवाज ऐकला मी! हातातली मोळी तशीच टाकली आणि खाली बसून रडले.

संध्याकाळी मुकादमाला गाठलं. म्हटलं, "भाऊ, जिम्मेदारी घेतलीय तुम्ही. त्यांना माझ्यासमोर बसवा. मला शिव्या देऊ द्या, पोरगी तूच मारलीस म्हणू द्या, पण तिच्याबद्दल बोलू द्या."

मुकादमानं तंबाखू मळली. "गेलेलं कशाला उकरता, अक्का? काम बेस चाललंय तुमचं. पट्टा पडू द्या, मग बसू."

पट्टा पडला, म्हणजे ऊस संपून कारखाना बंद झाला. बसायला कुणी आलं नाही. परतताना माझ्या माहेरच्या फाट्यावर नवऱ्यानं गाडी थांबवली आणि माझं गाठोडं खाली ठेवलं. मी म्हटलं, "काहीतरी बोला की ओ." त्यानं बैल हाकले.

पुढच्या दसऱ्याच्या तोंडावर मुकादम पुन्हा ओसरीवर हजर. मला वाटलं, न्यायलाच आलाय. घाईघाईनं चहाचं आधण ठेवलं आणि दाराशी आले.

"त्यानं दुसरी केली, अक्का," तो म्हणाला. "त्याचा कोयता लागला. तुमच्यासाठीबी एक बघितलाय. बायको वारलीय, अर्धा कोयता हाय. माणूस लई गरीब, एक शब्द बोलायचा न्हाय."

मी एवढंच विचारलं, "तिच्याशी बोलतात का ते?"

"व्हय तर! तीच सांगत होती, पोरीचं सगळं सांगितलं म्हणं तिला. सांगताना लई रडला."

मी आत गेले आणि चहाच्या आधणाखालचं लाकूड मागं ओढलं.