चर्चच्या काचा कोण फोडत होतं

कुठंही काच फुटल्याचा आवाज आला की मला ते चर्च आठवतं. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपास मनात पुसट होत चाललेत, पण बीड जिल्ह्यातल्या त्या साध्या प्रकरणातले चेहरे अजून जसेच्या तसे समोर येतात. ती माणसं आजही तिथंच राहतात, म्हणून कुणाचंच नाव सांगत नाही. तेलगाव-दिंद्रुड पट्ट्यातलं एक मोठं गाव, एवढं पुरे.

मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. उसाचा हंगाम भरात आला होता. आमचं निम्मं मनुष्यबळ रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे गुंतलेलं असायचं. एका सकाळी गावातल्या चर्चचे पाळक तक्रार घेऊन आले. सोबत मंडळीतली दोन माणसं होती. एक निवृत्त हेडक्लार्क, धोतर-कोटातले म्हातारे. दुसरा चाळिशीतला गवंडी. आदल्या दुपारी चर्चच्या खिडकीची काच कुणीतरी दगड मारून फोडली होती. ही तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळी त्यांनी तक्रार दिली नव्हती.

म्हातारे आणि गवंडी पाळकांच्या दोन बाजूंना बसले होते. दोघांचं म्हणणं एकच होतं, पण ते एकमेकांकडे बघत नव्हते. एक बोलला की दुसरा मान डोलवायचा, तीही माझ्याकडे बघून. मी ते लक्षात ठेवलं.

अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. प्रार्थनास्थळाचा विषय म्हटल्यावर वरिष्ठांचा फोन येणारच होता, तो आला. बीट अंमलदाराकडून चर्चची माहिती घेतली तेव्हा त्या दोघांच्या बसण्याचा उलगडा झाला.

त्या मंडळीत दोन गट पडले होते. चर्चच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जुनी घरं एका बाजूला. त्यांचे पुढारी हेडक्लार्क. गावाबाहेरच्या वस्तीतून गेल्या काही वर्षांत येऊ लागलेली घरं दुसऱ्या बाजूला. त्यांचा पुढारी गवंडी. जुन्यांना रविवारची उपासना सकाळी लवकर हवी होती. वस्तीतल्या बायका सकाळी कापूस वेचायला जायच्या, त्यांना ती दुपारी हवी होती. जुन्यांना पेटीवर गीतं गायची होती, वस्तीवाल्यांना ढोलकी हवी होती. ऐकायला गोष्टी लहान वाटतात. पण प्रकरण वेगळं होण्यापर्यंत आलं होतं. जुनी माणसं म्हणत, आमचं चर्च आम्हाला सोडा. वस्तीवाले म्हणत, आमी पत्र्याचं शेड टाकतो अन् तिथंच भक्ती करतो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. चर्चच्या मागे राहणाऱ्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचं नाव त्यानं घेतलं. फाटकासमोर ट्रॉली लावण्यावरून त्याचं मंडळीशी भांडण झालं होतं, काचा त्यानंच फोडल्या, असं सांगून फोन ठेवला. ड्रायव्हर हिंदू, साध्या शेतकरी घरातला. नाव आल्यावर चौकशी टाळता येत नाही. मी त्याला बोलावून घेतलं.

"चर्चवाल्यांशी भांडण झालं होतं का?"

"झालतं की साहेब. ट्रॉली आडवी लागली व्हती. मी काढली. तिथंच मिटलं."

"परवा दुपारी कुठं होतास?"

"कारखान्यावर. ऊस घिऊन वजनकाट्याच्या लाइनीत."

"कुणी पाहिलं?"

"म्होरल्या-मागल्या ड्रायव्हरांनी. डबा बी तिथंच खाल्ला."

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो, असा माझा अनुभव. हा विचारलं तेवढंच सांगत होता. तरी खात्री करणं भाग होतं. एका हवालदाराला कारखान्यावर पाठवलं आणि ड्रायव्हरला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

तेवढ्या वेळात बाहेरचं वातावरण बिघडलं. ड्रायव्हरची आई ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसली. तिच्यामागून त्यांच्या गल्लीतली माणसं आली. मोबाइलवर निरोप फिरू लागले की चर्चवाल्यांनी आपल्या माणसाला अडकवलं. तिकडे चर्चमध्येही माणसं जमू लागली. आजवर या गावात त्या चर्चकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं. तीन काचांपायी ते सगळं संध्याकाळपर्यंत उलटंपालटं होईल, अशी चिन्हं दिसू लागली. फाटकावर दोन माणसं वाढवली आणि एक महिला अंमलदार सोबत घेऊन मी चर्चमध्ये गेलो.

पाळकांना विचारलं, "तिन्ही वेळा काच फुटली त्या आसपास चर्चमध्ये काय चाललं होतं?"

ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी बैठक असायची."

"कसली?"

पाळक खाली बघू लागले. शेवटी गवंडी बोलला, "वायलं व्हायची."

"मग झाली बैठक?"

"काच फुटल्यावर कशाची बैठक, साहेब? समदे इथंच बसून प्रार्थना करतो. पहारा बी त्यांचा एक, आमचा एक, जोडीनं."

हे सांगताना त्याचा आवाज मऊ झाला होता. मी विचारात पडलो. चर्चच्या वाईटावर असलेला बाहेरचा माणूस यांची फूट बघून खूश झाला असता, त्यानं ती बैठक होऊ दिली असती. हा दगड मारणारा तर प्रत्येक वेळी बैठक मोडत होता. त्याला ही माणसं एकत्र हवी होती.

चर्चला लागून एक खोली होती. तिथं मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई एकट्या राहत. सत्तरी ओलांडलेल्या. चर्चची झाडलोट, दिवाबत्ती त्याच बघत. गावातली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. त्या दोन्हींपैकी एकाही गटात नव्हत्या, हेही बीट अंमलदारानं सांगितलं होतं. आम्हाला त्यांनी बसवलं, चहा टाकला. मी काचांबद्दल काहीच विचारलं नाही.

"बाई, एका माणसाला चौकशीला बसवलंय. त्याची आई फाटकाशी उन्हात बसली आहे. उठायला तयार नाही."

"कुणाचा पोरगा?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तो माझ्या हातचा हाय," त्या म्हणाल्या. "पायाळू. लई अवघड बाळंतपण होतं." महिला अंमलदार काही विचारणार होती, मी खुणेनं थांबवलं.

"साहेब, पहिली काच वाऱ्यानं फुटली. कडी निघाली अन् खिडकीचं दार आपटलं. मी समोरच होते. लोक धावत आले. कुणीतरी म्हणालं, दगड मारला. मी सांगणार होते. तेवढ्यात बघते तर क्लार्कसाहेब अन् गवंडी खाली बसून एका पाटीत काचा वेचायला लागलेले. वर्षभरात शब्द बोलले नव्हते एकमेकांशी. मी तोंडच उघडलं न्हाई."

"आणि नंतरच्या दोन?"

"त्या मी फोडल्या. दोघांचीही लेकरं याच हातावर आलीत. ती वेगवेगळ्या दारानं जाताना मला बघवेना. बाहेरच्या कुणाचं नाव येईल, हे डोक्यातच आलं न्हाई."

त्या उठल्या, पदर सारखा केला, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला."

आम्ही ठाण्यावर पोचलो तेव्हा हवालदार परतला होता. ड्रायव्हरचं म्हणणं खरं निघालं होतं. मी त्याला बाहेर आणलं. फाटकाशी नर्सबाई त्याच्या आईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जे घडलं ते सांगितलं.

त्या माउलीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, तुमचं घर एक ठेवायला माझं लेकरू कावून बसवलं इथं?"

नर्सबाईंनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. मग ती आईच जरा सरकली आणि म्हणाली, "उन्हात उभ्या राहू नका. बसा."

ड्रायव्हरचं एकच म्हणणं पडलं. "मला कायी नको. पर ज्यांनी माझं नाव घेतलं, त्यांच्या म्होरं हे सांगा."

दुपारी पाळक मला भेटायला आले. रडवेले झाले होते. "साहेब, गुन्हा अज्ञात म्हणूनच राहू द्या. फाटकावरचं बोलणं अफवा म्हणून विरून जाईल, पण हे कागदावर आलं तर उद्याच मंडळी फुटेल."

त्यांची भीती खोटी नव्हती. पण केस डायरीत खोटं लिहिणं मला शक्य नव्हतं, आणि एका निर्दोष माणसाच्या नावावर डाग ठेवून कुणाची एकी राखावी, हेही पटण्यासारखं नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. मंडळीपुढे कुणी आणि कसं बोलायचं, ते मात्र त्यांच्यावर सोडलं.

रविवारी मी साध्या वेशात चर्चच्या मागच्या भिंतीशी उभा होतो. उपासना झाल्यावर नर्सबाई पुढे गेल्या आणि ठाण्यात बोलल्या तसंच बोलल्या. काही सावरासावर केली नाही. कानावर आलेलं बाईंच्याच तोंडून ऐकून माणसं सुन्न झाली. वस्तीतलं एक घर उठून निघून गेलं. आता सगळेच उठतील असं मला वाटलं. तेवढ्यात म्हातारे हेडक्लार्क काठी टेकत उभे राहिले.

"तो फोन मी केला होता," ते म्हणाले. "मला ठाऊक काहीच नव्हतं. आपल्यातला कुणी असणार नाही, एवढंच ठाऊक होतं. म्हणून बाहेरचा शोधला."

गवंडी तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मला बी तसंच वाटलं व्हतं."

ते दोघं त्याच दुपारी ड्रायव्हरच्या घरी गेले. गवंड्याच्या मोटारसायकलवर, म्हातारे मागे बसून, काठी मांडीवर आडवी धरून. तिथं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. चहा झाला, एवढं बीट अंमलदारानं सांगितलं.

पुढची प्रक्रिया कायद्याप्रमाणे झाली. सरकारी वकिलांचं मत घेतलं. धर्माचा अपमान करण्याचा हेतू नव्हताच, त्यामुळे प्रकरण नुकसानीपुरतं राहिलं. ते कोर्टात गेलं आणि मंडळीनं दिलेल्या तडजोडीच्या अर्जावर मिटलं. उपासनेच्या वेळेचं भांडण मात्र बरेच दिवस चाललं. मी बदलून जाईपर्यंत अकराची वेळ ठरली होती आणि पेटी-ढोलकी दोन्ही वाजत होत्या. म्हाताऱ्यांना ढोलकी शेवटपर्यंत आवडली नाही आणि ते दर बैठकीत तसं बोलून दाखवत. पण बैठकीला येत. निघून गेलेलं ते एक घर परत आलं नाही. नर्सबाई स्वतः त्यांच्या दारात जाऊन आल्या होत्या, तरी.

त्या बाईंना मी गुन्हेगार म्हणून कधी पाहू शकलो नाही. त्यांच्या मनात माणसांबद्दल माया होती. पण बाहेर एक शत्रू उभा करून घडवलेली एकी कुणाच्या तरी लेकराला ठाण्याच्या बाकावर आणून बसवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढे नोकरीत शांतता समितीच्या कितीतरी बैठका घेतल्या. सगळ्या समाजांचे पुढारी यायचे. कुणी छाती पुढे काढून सांगायचा, "साहेब, आमच्यात पूर्ण एकी आहे." मी त्याला चहा द्यायचो आणि विचारायचो, "कुणाच्या विरुद्ध?"