मुंगी न लागणारे डबे

माझं सासर नगरचं. घरातच बुकबाइंडिंगचं काम चालायचं. लग्न होऊन मी काष्टीहून आले आणि चार दिवसांत माझी खोड सगळ्यांना कळली. दिसेल त्या गोष्टीला ‘का?’ विचारल्याशिवाय मला चैन पडत नसे. मामंजी, म्हणजे सासरे, नुसते हसायचे. सासूबाई म्हणायच्या, ‘‘हिचं तोंड आधी खळीनं चिकटवा.’’

ती दुष्काळाची वर्षं. वह्या-पुस्तकांचं काम आटलं, तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या डोक्यानं नवीनच काहीतरी काढलं, पेढ्यांचे पुठ्ठ्याचे डबे. शिर्डीच्या एका पेढेवाल्याला त्यांनी नमुना नेऊन दाखवला. त्याला तो आवडला आणि दिवाळीची ऑर्डर मिळाली. त्या घरात त्यांच्या नावानं काम आलं होतं ते पहिल्यांदाच. त्या दिवसांत त्या चालायच्यासुद्धा ताठ.

मला तर खेळच सापडला. सपाट पुठ्ठ्याचा डबा होतो तरी कसा? आधी पुठ्ठा बेतायचा, कोपऱ्यांना काप द्यायचे, मग जिथे दुमडायचं तिथे बोथट पट्टीनं रेघ दाबायची. रेघ कशाला, म्हणून मी एकदा तशीच घडी घातली, तर पुठ्ठा वेडावाकडा फुटला. आतून पांढरा कागद चिकटवायचा आणि डबे सावलीत वाळवायचे. उन्हात झाकणं पापडासारखी वळतात, हेही मी करूनच पाहिलं आणि बोलणी खाल्ली. चिकटवायची खळ मात्र मामंजीच शिजवायचे. आम्ही रेशनच्या मिलोच्या, त्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी खायच्या आणि खळीला मैदा, याचा मला भारी राग यायचा.

डब्यांची थप्पी तयार झाली, तेव्हा एका डब्यात सासूबाईंनी गूळ-शेंगदाण्याच्या वड्या भरून ठेवल्या. उरलेल्या ताटलीत होत्या. सकाळी पाहते तो ताटलीला मुंग्यांची रांग आणि डब्याकडे एकही फिरकलेली नाही.

‘‘पेढेवाला बी हेच म्हनला,’’ सासूबाई खुशीत म्हणाल्या. ‘‘तुमच्या डब्याला मुंगी लागत न्हाई.’’

‘‘पण का लागत नाही?’’ मी विचारलं. ‘‘खळ तर मैद्याची.’’

‘‘मोरचूद असतो ना त्यात,’’ मामंजी सहज बोलून गेले. ‘‘न्हाईतर झुरळं पुस्तकं खातील की.’’

बोलता बोलताच त्यांची नजर डब्यांच्या थप्पीकडे गेली. मोरचूद मला ठाऊक होता. माहेरी लिंबांवर फवारायचे, तेव्हा त्या विषारी निळ्या पाण्याच्या बादलीजवळ आम्हा पोरांना फिरकू देत नसत. पुस्तकं टिकावीत म्हणून मामंजी वर्षानुवर्षं खळीत मोरचूद टाकत आले होते, आणि डब्यांच्या खळीतही हात सवयीनं तेच करून गेला होता. सासूबाईंनी एक डबा उचलला आणि आतल्या पांढऱ्या कागदावरून नुसतं बोट फिरवलं. वड्या आम्ही परसात पुरल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन एसटीनं शिर्डीला गेल्या. पेढेवाल्याला सगळं खरं सांगितलं आणि साध्या खळीचे नवे डबे करायला थोडी मुदत मागितली.

तो हसला. ‘‘मावशी, डबा कोन खातंय? मला मुंगी न लागनाराच पायजे. हायेत तेच द्या, न्हाईतर राहू द्या.’’

‘‘राहू द्या,’’ सासूबाई म्हणाल्या आणि उठल्या.

परतीच्या एसटीत राहुरी आली. मग सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘‘परसाद म्हनून घेत्यात गं लोकं. तान्ह्या पोरांच्या तोंडाला लावत्यात.’’ मला त्यांचा इतका अभिमान वाटला की भर एसटीत त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आणि आपण विचारलंच नसतं तर, हा विचारही पाठ सोडेना.

घरी मामंजी दारातच उभे होते. ‘‘चूक माझी,’’ म्हणाले. कुणी उचलून नेऊ नयेत म्हणून सगळे डबे सासूबाईंनी स्वतः एकेक करून फाडले, आणि शेवटचा फाडताना रडल्या.